रात्रभर चालेल असा कूलर

होळी आटोपली की विदर्भातल्या घराघरांत कूलर बाहेर निघतो. वर्षभर गच्चीच्या कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून बसलेला पत्र्याचा खोका पुसला जातो, जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या जातात, मोटारीत चार थेंब तेल पडते आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर त्याची स्थापना होते. बटण दाबताच घर दणाणते. पहिले दोन दिवस आवाज खटकतो. मग टीव्हीचा आवाज दोन पायऱ्या वर चढतो, माणसे ओरडून बोलू लागतात आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

खरा प्रश्न रात्री दोनच्या सुमारास येतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची झोप आधीच सावध. कूलरच्या घरघरीने ती मोडते, आणि ते उठून कूलर बंद करतात. अर्ध्या तासात खोली पुन्हा तापते, कारण दिवसभर उन्हात भाजलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत पहाटेपर्यंत उष्णता सोडत राहतात. वय झालेल्या शरीराला घाम कमी येतो, तहानही उशिरा लागते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी घटते. दिवसाचा ताप उतरवण्यासाठी शरीराला रात्रीचा गारवा लागतो. दिवसाचे तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून अधिक राहिले, तर हवामान विभाग त्या रात्रीला ‘उष्ण रात्र’ म्हणतो. अशा रात्री आवाजामुळे बंद केलेला कूलर हा नुसता गैरसोयीचा विषय राहत नाही. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कूलरच्या दणदणाटात आजारी माणसाने मारलेली हाक शेजारच्या खोलीत ऐकूच जात नाही.

म्हणून कूलर घेताना ‘हवा किती फेकतो’ याच्या बरोबरीने ‘रात्रभर चालू ठेवता येईल का’ हे विचारायला हवे. दुकानात हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. तिथे आधीच दहा कूलर एकदम चालू असतात, त्या गलक्यात कुठलाही कूलर शांतच वाटतो.

माठाचेच शास्त्र

कूलरचे काम माठासारखेच चालते. पाणी वाफ होताना उष्णता लागते. ती ते आजूबाजूच्या हवेतून घेते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात पाऊण युनिटच्या आसपास उष्णता लागते. मोठा कूलर भर दुपारी तासाला दहा-बारा लिटर पाणी सहज पितो. म्हणजे पंखा आणि पंप मिळून दीड-दोनशे वॉट वीज खातात, आणि थंड करण्याचे खरे काम पाणी फुकटात करते. इन्व्हर्टरवर कूलर चालतो आणि एसी चालवणे जड जाते, त्याचे कारण हेच.

हवा किती गार होईल याला मात्र मर्यादा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जिथे थांबतो, त्याच्या खाली कूलर जाऊ शकत नाही. मे महिन्यातल्या नागपूर-अकोल्याच्या दुपारी तापमान ४४ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के धरली, तर ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो. चांगल्या ताट्यांचा कूलर या फरकाचा साधारण ८० टक्के भाग गाठतो; म्हणजे ४४ अंशांची हवा २७ अंशांपर्यंत येऊन खोलीत शिरते. नुसता छताचा पंखा या तापमानाला उपयोगाचा नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीराला गार करण्याऐवजी तापवू लागतो, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आता हाच हिशेब मुंबईला, कोकणात किंवा गोव्यात लावून पाहावा. तिथे ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर कूलरमधून येणारी हवा फार तर साडेएकोणतीस-तीस अंशांची, तीही पाण्याने जवळजवळ भरलेली. घाम वाळायचा थांबतो आणि अंथरूण दमट होते. किनारपट्टीवर शांत कूलर शोधण्यापेक्षा शांत पंखा शोधणे शहाणपणाचे.

विदर्भातल्या रात्रीचा हिशेब सर्वांत उपयोगी आहे. बाहेर ३१ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापक १९ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे रात्री कूलरच्या तोंडाशी २१-२२ अंशांची हवा मिळू शकते. तेवढ्यासाठी पंखा पूर्ण वेगाने फिरवायची गरजच नाही. उलट हवा ताट्यांतून सावकाश गेली तर तिला पाण्याचा सहवास जास्त मिळतो आणि ती थोडी अधिकच गार होते. शांत कूलरचे अर्धे गुपित इथेच आहे: दुपारी पूर्ण ताकदीने आणि रात्री मंद वेगाने चालवता येईल, एवढा मोठा कूलर घ्यायचा.

डेसिबलची भाषा

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप फसवे आहे. कुजबुज साधारण ३० डेसिबल, समोरासमोरचे बोलणे ६० च्या आसपास. पण ६० म्हणजे ३० च्या दुप्पट नव्हे. दर १० डेसिबलला कानाला आवाज अंदाजे दुप्पट वाटतो. म्हणजे ६० डेसिबलचा कूलर ५० डेसिबलच्या कूलरपेक्षा दुप्पट मोठा ऐकू येतो. जाहिरातीतला तीन-चार डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो, मात्र दहाचा फरक झोपेलाही कळतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीतला सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती अर्थात घराबाहेरच्या परिसराची. खरे सांगायचे तर ३० च्या आत बसणारा कूलर सापडणे कठीण. मंद वेगावर ४५ ते ५० मध्ये राहणारा मिळाला तरी पुष्कळ. या पातळीला कान खराब होत नाहीत. कारखान्यातला आठ तासांचा ८५ डेसिबलचा आवाज कानांना धोक्याचा मानतात, घरातला कूलर त्याच्या बराच खाली असतो. इजा होते ती झोपेला.

त्यातही आवाजाची जात महत्त्वाची. एकसारखी ‘सूऽऽ’ अशी हवेची झुळझुळ मेंदू लवकर विसरतो. काहींना तर तिच्यामुळे रस्त्यावरचा हॉर्न आणि कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येत नाही म्हणून चांगली झोप लागते. झोप मोडतो तो बदलणारा आवाज: मध्येच खडखडणारा पत्रा, टपटपणारे पाणी, व्होल्टेज खालीवर झाले की सूर बदलणारी मोटार. त्यामुळे माहितीपत्रकावरचा आकडा सांभाळूनच वाचावा. तो किती अंतरावरून आणि कोणत्या वेगावर मोजला, हे लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवरून मोजलेला आणि चार मीटरवरून मोजलेला आकडा यांत नुसत्या अंतरानेच बारा डेसिबलची तफावत पडू शकते.

पाते मोठे, फेऱ्या कमी

कूलरच्या आवाजाचा मोठा वाटा पंख्याचा. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने खाली येतो. वेग दोन तृतीयांश केला तरी नऊएक डेसिबल वाचतात. म्हणूनच तेवढीच हवा हवी असेल तर मोठे पाते हळू फिरवावे, लहान पाते जोरात नव्हे.

विदर्भात पत्र्याचा कूलर अजूनही सुटे भाग निवडून बनवून घेता येतो; खोका, पंखा, मोटार, पंप सगळे वेगवेगळे. इथे ग्राहकाच्या हातात मोठी संधी असते आणि बहुतेकजण ती दवडतात. एक्झॉस्ट पंख्याच्या मोटारी साधारण दोन प्रकारच्या मिळतात: मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आणि ९०० फेऱ्यांच्या. १८ इंची पंखा १४०० फेऱ्यांनी फिरला की पात्याचे टोक सेकंदाला ३३ मीटर वेगाने हवा कापते. २४ इंची पंखा ९०० फेऱ्यांनी फिरवला तर टोकाचा वेग २८ मीटरवर येतो, आणि पात्याचा आकार मोठा असल्याने हवा मात्र दीडपटीच्या आसपास मिळते. जास्त हवा, कमी आवाज. खोका थोडा मोठा लागतो, चार पैसे जास्त पडतात, एवढेच. दुकानदार आपणहून ‘चौदाशेची मोटार टाका, हवा जोरदार’ म्हणतो. तेव्हा बैठकीसाठी हवी की झोपण्याच्या खोलीसाठी, हे त्याला आधी सांगावे.

प्लास्टिकच्या तयार कूलरमध्ये एवढी निवड नसते. तिथे दोन जाती दिसतात. पात्यांचा पंखा असलेले कूलर भरपूर हवा फेकतात, पण ती फार लांब ढकलत नाहीत. ब्लोअरवाले कूलर, म्हणजे आत पिंजऱ्यासारखे गोल चक्र असलेले, हवा दाबाने लांब नेतात. ब्लोअरचा आवाज जाडसर असतो. वेग कमी केला की तो बऱ्यापैकी सौम्य होतो. कोणती जात शांत, याचे एकच उत्तर नाही. सर्वांत कमी वेगावर चालवून ऐकणे हाच मार्ग.

मोटारीचा स्वतःचाही एक सूर असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटारीचा गुणगुणाट तिच्या दुप्पट, १०० हर्ट्झचा असतो. बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वेग कमी केला की पुष्कळदा पंखा हळू होतो आणि गुणगुण उलट वाढते, कारण तो रेग्युलेटर विजेची लाट तुकड्या-तुकड्यांत कापतो. कपॅसिटरवर चालणारा टप्प्यांचा रेग्युलेटर इथे बरा. बीएलडीसी मोटारीचे कूलर महाग पडतात, पण त्या मोटारी मंद वेगावर शांत चालतात, वीज कमी खातात आणि व्होल्टेज थोडे हलले तरी त्यांचा सूर सहसा बदलत नाही. रात्रीसाठीच कूलर घ्यायचा असेल तर हा जादा खर्च समजण्यासारखा आहे.

ताट्यांचाही आवाजाशी संबंध आहे, हे अनेकांना पटत नाही. पंख्याला हवा ओढायला जेवढा त्रास, तेवढा तो जास्त ओरडतो. तीन बाजूंनी मोठ्या ताट्या असलेल्या कूलरमध्ये हवा ऐसपैस आत येते. एकाच लहान जाळीतून ओढणारा कूलर धापा टाकतो. बाजारात ‘खस’ म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा लाकडाच्या बारीक तंतूंचे असते, खरा वाळा नव्हे. या ताट्या स्वस्त असतात, पण दबून खाली बसतात आणि वरच्या फटीतून कोरडी गरम हवा आत घुसते. दर वर्षी बदलाव्याच लागतात. मधमाशांच्या पोळ्यासारख्या कागदी हनीकोंब ताट्या महाग पडतात, पण दोन-तीन उन्हाळे टिकतात आणि पाणी सगळीकडे सारखे पसरवतात. वासाच्या मोहात पडायचे असेल तर खऱ्या वाळ्याची एखादी जुडी टाकीत सोडावी.

खोलीचे माप आणि समोरची खिडकी

किती मोठा कूलर, याचा ठोकताळा सोपा आहे. खोलीचे घनफूट काढायचे आणि त्याचे अर्धे करायचे. तितके घनफूट हवा कूलरने मिनिटाला दिली पाहिजे. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे १,२०० घनफूट. तिला मिनिटाला ६०० घनफूट, म्हणजे तासाला साधारण हजार घनमीटर हवा पुरे. रात्रीच्या शांततेसाठी याच्या दीड-दोनपट क्षमतेचा कूलर घेऊन तो मंद चालवावा. टाकीचे लिटर पाहून कूलर निवडण्याची पद्धत मात्र चुकीची. टाकी मोठी म्हणजे पाणी कमी वेळा भरावे लागेल, एवढाच तिचा अर्थ. अर्थात रात्री तीन वाजता टाकी कोरडी पडली तर पंप रिकामा घुरघुरतो आणि पुढे जळतो, म्हणून रात्रभर पुरेल इतके पाणी मावले पाहिजे.

आणि खिडकी. एसीच्या सवयीने लोक दारे-खिडक्या लावून कूलर चालवतात. तासाभरात खोलीतली हवा पाण्याने भरते, गादी चिकचिकते, गारवा नाहीसा होतो. मग वेग वाढवला जातो, त्याबरोबर आवाजही. कूलर बाहेरची कोरडी हवा आत घेणारा असावा आणि त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा झरोका चार बोटे तरी उघडा असावा. खोलीच्या मध्यभागी ठेवलेला, खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओली करणारा कूलर फार काळ उपयोगी पडत नाही. भाड्याच्या खोल्यांत, वसतिगृहांत, नीटच्या तयारीला बसलेल्या मुलांच्या टेबलाशेजारी नेमके हेच दृश्य असते.

बसवण्यातही बरेच काही आहे. कूलर थेट खिडकीच्या गजांना टेकला तर त्याची थरथर चौकटीत आणि भिंतीत उतरते आणि सगळी खोलीच घुमू लागते. स्टँडच्या चारही पायांखाली जाड रबर, आणि कूलर व चौकट यांच्यामध्ये फोमची पट्टी ठेवली की फरक तिथल्या तिथे कळतो. स्टँड डगमगत असेल तर चांगला कूलरही खडखडेल. पलंगाची उशाकडची बाजू कूलरपासून दूर करावी, हवेचा झोत चेहऱ्यावर न येता पायांकडून यावा. आणि कूलरची पाठ शेजाऱ्याच्या खिडकीकडे असेल, तर त्याच्या झोपेचाही विचार झालेला बरा. अरुंद गल्ल्यांमध्ये या एका कारणावरून दर उन्हाळ्यात भांडणे होतात.

घरी असलेला जुना कूलर ओरडत असेल तर नवा घेण्याआधी एक दुपार त्याच्यामागे घालवावी. पात्यांवर धुळीचा थर बसला असेल किंवा एखादे पाते वाकले असेल तर तोल जातो आणि कूलर थरथरतो. पत्र्याचे स्क्रू ढिले झालेले असतात. वरच्या नळीची भोके क्षाराने बुजली की पाणी सगळीकडे पसरत नाही, एकाच जागी धार लागते. त्या धारेचाच टपटपाट रात्री ऐकू येतो. विदर्भातल्या बोअरच्या जड पाण्यात हे फार लवकर होते. टाकीतले पाणी वाफ होत राहते, क्षार मात्र मागेच साचतात, म्हणून नुसती भर घालत न राहता टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करावी लागते.

ही आठवड्याची सफाई आवाजापेक्षाही मोठ्या कारणासाठी आवश्यक आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, आणि म्हणूनच आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या ओलसर भिंतीवर. ती तिथे घट्ट चिकटतात. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी तशीच राहतात. टाकी घासायलाच हवी. कुबट वास येणाऱ्या, बुरशी धरलेल्या ताट्याही फेकून द्याव्यात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्यात चालढकल नको.

विजेचा धक्का लागून दर उन्हाळ्यात विदर्भात जीव जातात आणि त्यांत लहान मुले असतात. पत्र्याचा खोका, ओली जमीन आणि जुनाट वायर एकत्र आले की धोका तयारच असतो. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर चालू असलेले अर्थिंग हवे. घराच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला असेल तर गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. पाणी भरताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. भर दुपारी पाणी संपले म्हणून कूलर चालू असतानाच पाइप आत घालण्याची सवय घराघरांत आहे. हातातला पाइप ओला, पाय ओले, आणि पंपाच्या वायरीचा जोड टाकीतच बुडालेला.

दुकानात गेल्यावर एवढे करावे. बाकीचे कूलर बंद करायला लावावेत. दुकानदार कुरकुरेल, पण करेल. हवा असलेला कूलर आधी सर्वांत कमी वेगावर, मग पंपासह चालवून पाहावा, दहा फुटांवर उभे राहून डोळे मिटून ऐकावा. मोबाइलमधल्या आवाज मोजणाऱ्या अॅपचा आकडा अचूक नसतो, पण एकाच मोबाइलने, एकाच अंतरावरून दोन कूलरची तुलना करायला तो चालतो. खोक्यावर हात ठेवला तर थरथर कितपत जाणवते, हे पाहावे. कूलरवर आयएसआय खूण आणि आयएस ३३१५ हा मानक क्रमांक आहे का, हेही बघावे. जवळ उभ्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता आले, तर तो कूलर झोपण्याच्या खोलीत नेण्याजोगा आहे.

नवतपा संपून ढग दाटू लागले की हवेतली आर्द्रता वाढते आणि कूलरची जादू ओसरते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवला तरी चालते, आणि तो मंद वेगावर असेल तर छताच्या पंख्यापेक्षा फार आवाज करत नाही. मृग लागल्यावर कूलर उचलण्याआधी टाकी घासून, ताट्या काढून, दोन दिवस कडक उन्हात उघडा ठेवावा. एडिसची अंडी कोरड्यात महिनोन्महिने तग धरतात आणि पुढच्या होळीनंतर टाकीत पहिले पाणी पडताच जागी होतात.